बांधावर नसलेली पोरं

माझ्या निबंधाच्या पहिल्या पानावर सरांनी हिरव्या पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती: "हा निबंध नाही, हे पत्रक आहे."

मी ती ओळ दोनदा वाचली, तिचा फोटो काढला आणि आईला पाठवला. मुरुमच्या आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. अर्ध्या तासात आईचा फोन आला. ती मुरुमजवळच्या एका गावात बावीस वर्षं अंगणवाडी चालवते आणि तेवढीच वर्षं पत्रकं लिहिते.

"काय लिवलंय त्यांनी? इंग्रजीत हाय, नीट सांग."

"पत्रक आहे म्हणाले."

"आँ! तिकडं पन कळतं व्हय त्यांना?" मागं वळून तिनं पप्पांना हाक मारली, "ऐकलं का, पोरीला पत्रक म्हनले!"

पप्पा उमरग्यात एका छापखान्यात डीटीपी करतात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर आणि आईची पत्रकं. ते लांबूनच म्हणाले, "खाली नाव टाकलंय ना तिनं?"

रविवारी विहारात ही बातमी सांगितली गेली, असं मला नंतर कळलं. वंदना झाल्यावर आईनं सगळ्यांना सांगितलं की पोरगी परदेशात गेली आणि तिथं पत्रक लिहिलं.

मी मात्र पान उलटून बघितलं नव्हतं.

ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीनं उलटलं. ती रोमानियाची. वसतिगृहाच्या त्या मजल्यावर आमचं स्वयंपाकघर एकच होतं आणि माझ्या फोडणीला शिंकायची सवय तिनं पंधरवड्यात करून घेतली होती. मी निबंध फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला होता. तिनं तो काढला, मागचं पान वाचलं आणि मला विचारलं, "तू हे इथं का लावलंयस?"

"सगळ्यांनी बघावं म्हणून."

"नापास झालेलं?"

मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: या स्वरूपात उत्तीर्ण करता येत नाही, जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुन्हा लिहून द्यावा, संधी एकदाच.

मी पुण्याच्या कॉलेजातून एका सत्रासाठी या जर्मन शहरात आले होते. तिसऱ्या वर्षाचं अर्धं ओझं या एका सत्रावर होतं. इथले सगळे विषय सुटले तर तिकडं वर्ष धरलं जाणार; एक जरी अडकला तर पूर्ण वर्ष पुन्हा. वर्ष पुन्हा करायची चैन मला परवडणारी नव्हती. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी त्या क्षणी मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. 'पत्रक' ही या माणसाच्या तोंडी शिवी होती.

*

आता निबंध कशावर होता ते सांगते.

सेमिनारचा विषय होता शहर आणि शहराबाहेरचं काम. वर्गात आम्ही चौदाजण, अर्धे माझ्यासारखे बाहेरून आलेले, म्हणून सगळं इंग्रजीत. प्रत्येकानं आपण बघितलेल्या एका कामावर लिहायचं होतं. कुणी ट्रामच्या चालकांवर लिहिलं, कुणी बेकरीवर. मी सायकल घेऊन शहराबाहेर बारा किलोमीटर गेले, कारण त्या दिवसांत शहरात जिकडंतिकडं एकच भाजी विकायला होती: पांढऱ्या शतावरीचे कोंब. आपल्याकडं औषधात शतावरी असते, तिच्याच कुळातली. हॉटेलांच्या फळ्यांवर तिची वेगळी यादी, चौकाचौकात तिच्या टपऱ्या. एवढं खाल्लं जातंय तर कुणीतरी काढत असणार. एवढं मला मुरुममध्येच शिकवलेलं होतं.

शेत सापडलं. वाळूचे गुडघ्याएवढे लांबलचक वरंबे, त्यांवर काळं प्लास्टिक. बायका-माणसं एका ओळीत वाकलेली. प्लास्टिक वर करायचं, मातीतून बोटभर डोकावलेला कोंब हातानं उकरायचा, लांब पात्याच्या सुरीनं बुडातून कापायचा, थापीनं भोक बुजवायचं, प्लास्टिक परत ओढायचं. पुढचं पाऊल. मी रस्त्यावर सायकल उभी करून पाऊण तास बघत राहिले. एका बाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोक्याला निळा रुमाल होता. मी हात केला, तिनंही केला, आणि परत वाकली.

मला ते ओळखीचं वाटलं. माझा मामा ढोकीजवळ राहतो. लहानपणी हिवाळ्यात त्याच्याकडं गेले की कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडीच्या टोळ्या दिसायच्या. फडात वाकलेल्या बायका, पाचटाच्या कोप्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधलेली लुगड्याची झोळी आणि बांधावर पोरं. नाक वाहणारी, उसाची कांडी चघळणारी, आपल्याहून थोडं लहान भावंड कडेवर घेतलेली. आई म्हणायची, "ही सगळी कुठल्या ना कुठल्या अंगणवाडीच्या पटावर हाईत, आन् इथं बांधावर."

मी वसतिगृहात परतले आणि एका बैठकीत निबंध लिहिला. शीर्षक दिलं 'युरोपचे ऊसतोडे'. पहिलंच वाक्य होतं: तुमच्या ताटातली भाजी पांढरी आहे, कारण तिला काढणाऱ्यांना उजेडात यायची परवानगी नाही! मला ते वाक्य अजूनही बरं वाटतं. पुढं लिहिलं की या बायकांना अक्षर येत नाही, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. लिहिलं की त्यांची पोरं शेताच्या बांधावर वाढतात आणि या श्रीमंत देशाला ती दिसत नाहीत.

वर्गात मी तो उभं राहून वाचला. बाकीचे बसून वाचायचे. वाचून झालं आणि सगळे बाकावर मुठी आपटायला लागले. ठक ठक ठक. मला वाटलं, संपलं, मला खाली बसवतायत. मी आणखी ताठ उभी राहिले आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा, मोठ्यानं वाचला. मग शेजारच्या मुलानं सांगितलं की इथं टाळ्यांऐवजी असंच करतात.

तेव्हा मी ते यशच धरलं.

*

सरांच्या खोलीत मी पत्रकाचा अपमान घेऊन गेले होते, नापासाचा नाही.

ते साठीचे, शांत, सरळ गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाले, "तुमच्याकडं भाषा आहे. पण तुम्ही लोकांना पटवत नाही, त्यांच्यावर ओरडता. पहिल्या पानावर नऊ उद्गारचिन्हं आहेत, मी मोजली."

"आमच्याकडं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही."

"इथं चौदाजण आहेत. खोली लहान आहे."

मला हसू आलं, पण मी आवरलं. म्हटलं, "तुम्ही पत्रक हा शब्द ज्या अर्थानं वापरला तो मला मान्य नाही. तुम्हाला वाटतं पत्रक म्हणजे विचार न करता मारलेली आरोळी. माझी आई पत्रकं लिहिते. तिच्या एका पानामागं जेवढी तपासणी असते तेवढी या इमारतीतल्या किती पेपरांमागं असते, मला शंका आहे."

"कसली तपासणी?"

मी सांगितलं. आईचा कच्चा मजकूर पोरांच्या वजनाच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर असतो. तो आधी विहाराच्या ओट्यावर मोठ्यानं वाचला जातो, आणि ऐकायला एक तरी बाई अशी लागते जिला वाचता येत नाही. तिला कळलं नाही तर वाक्य बदलायचं, बाईला समजावत बसायचं नाही. मग प्रत्येक वाक्याखाली शिसपेन्सिलीनं खूण. 'पा' म्हणजे पाहिलं. 'ऐ' म्हणजे ऐकलं. 'वा' म्हणजे वाटलं. 'ऐ' असेल तर कुणाकडून, ते लिहायचं. 'वा' असेल तर काढायचं, नाहीतर 'आम्हाला वाटतं' अशी कबुली देऊन ठेवायचं. आणि सगळ्यांत खाली लिहिणारीचं नाव आणि गाव. ज्याच्याविरुद्ध लिहिलं तो माणूस सकाळी दारात येऊन उभा राहू शकला पाहिजे.

सर ऐकत होते. खरोखर ऐकत होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग निबंध माझ्याकडं सरकवत म्हणाले, "असं असेल तर माझा शब्द चुकला. मला ती तपासणी करून दाखवा. या निबंधावर."

"दाखवते," मी म्हटलं.

मला इतकी खात्री होती की जिन्यावरून उतरताना मी दोन-दोन पायऱ्या ओलांडल्या.

*

दुपारचा एक वाजला होता, म्हणजे मुरुमला साडेचार. आई अंगणवाडीतून आलेली असणार. स्वयंपाकघराच्या टेबलावर निबंध आणि शिसपेन्सिल घेऊन मी फोन लावला. समोर शेजारीण बटाटे सोलत होती. मी एकेक वाक्य मराठीत करून आईला वाचायला लागले.

पहिल्या काही वाक्यांना 'पा' पडलं. वरंबे, प्लास्टिक, सुरी, थापी. आई म्हणाली, "छान. मला दिसायलंय."

"या बायकांना अक्षर येत नाही."

"कुनी सांगितलं?"

"आई, बघितल्यावर कळतं ना."

"कपाळावर लिवलेलं असतं व्हय? मला बघून तुज्या सरांना काय कळलं असतं, म्या बारावी हाय म्हनून? लिव 'वा'."

मी लिहिलं.

"त्यांची पोरं शेताच्या बांधावर वाढतात."

 पलीकडून आईनं वेगळ्याच आवाजात विचारलं, तिच्या कामाच्या आवाजात. "किती व्हती?"

"काय?"

"पोरं. किती व्हती बांधावर? अंदाजे वय?"

मी डोळे मिटले. वरंबे आठवले, निळा रुमाल आठवला, रस्त्याकडेची खोकी आठवली. बांध आठवायला गेले तर बांधच नव्हता. वरंब्यांच्या टोकाला गवताची पट्टी होती आणि तिच्यावर एक ट्रॅक्टर उभा होता. पोरं नव्हती. एकही नव्हतं. मी पाऊण तास तिथं उभी होते आणि मला एकही पोर दिसलं नव्हतं, आणि मी लिहिलं होतं की या देशाला ती दिसत नाहीत.

"आई, पोरं नव्हती."

"न्हवती म्हंजी?"

"मी पाहिली नाहीत. ती ढोकीची पोरं. मी ती तिथं नेऊन ठेवली."

"अगं माझे बाई," आई म्हणाली. रागावली नाही, ते जास्त लागलं. "पोरं इकडून तिकडं उचलून ठिवायची असत्यात व्हय? म्या बावीस वरसं पोरं मोजायली. जी न्हाईत ती पटावर दाखवनाऱ्याला काय म्हनतेत, तुला ठावं हाय."

बेचाळीस वाक्यं होती. 'पा' अकरांना पडलं. 'ऐ' एकालाही नाही, कारण मी कुणाशी बोललेच नव्हते. उरलेली सगळी 'वा'.

शेजारणीनं बटाटे बाजूला ठेवले होते. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी हे तुझ्या फ्रिजवरच्या कागदात वाचलं होतं. अक्षर येत नाही, असं. माझी मावशी दोन वर्षं या कामाला येत होती. ती मला पुस्तकं धाडायची."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस."

मला आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, आणि तिनं माझा राग परत आणला. यावेळी जरा रास्त. सरांच्या हिरव्या पेन्सिलीला नऊ उद्गारचिन्हं दिसली. नसलेली पोरं दिसली नाहीत. शेत शहरापासून बारा किलोमीटरवर. ते तीस वर्षं या शहरात राहतात, दर वसंतात ती भाजी खातात. वर्गातले निम्मे इथंच जन्मलेले. कुणीही म्हटलं नाही की थांब, तिथं पोरं नसतात. कुणाला ठाऊकच नव्हतं. मी खोटं लिहिलं आणि त्यांनी त्यावर मुठी आपटल्या.

*

मी दहा वर्षांची असताना आईच्या हातून एक चूक झाली होती. तिच्या गावातल्या उपकेंद्रात सिस्टर दोन महिने फिरकली नाही, असं तिनं पत्रकात छापलं. बायकांनी सांगितलं होतं. पण सिस्टर दर गुरुवारी येत होती. त्या दिवसांत बायका खुरपणीला जायच्या, त्यांना दिसायची नाही. कळल्यावर आईनं दुसरं पत्रक काढलं. तेवढ्याच आकाराचं, त्याच गुलाबी कागदावर. आणि ज्या ज्या दारी पहिलं दिलं होतं त्या त्या दारी स्वतः गेली. मी पिशवी धरून मागं. मला लाज वाटत होती. एका दारात म्हातारे आजोबा म्हणाले, "ताई, जाऊ द्या की. कुनाच्या ध्यानात बी न्हाय आता." आई म्हणाली, "आजोबा, तुमी पैलं वाचलं व्हतं ना? मंग ह्ये बी वाचा." शेवटचं दार सिस्टरचं. ती कागद वाचून रडली आणि मग चहा टाकला.

तेव्हा मला तो चहा आवडला होता, बाकी काही नाही. पण वसतिगृहाच्या त्या स्वयंपाकघरात मला पक्कं कळलं की नवा निबंध नुसता सरांच्या टपालपेटीत टाकून माझं भागणार नाही.

रविवारी मी शेजारणीला घेऊन शेतावर गेले. रविवारी दुपारी काम अर्धं असतं, हे तिनं मावशीकडून ऐकलेलं. पत्र्याच्या डब्यांसारख्या खोल्यांची रांग होती, समोर दोरीवर कपडे. निळ्या रुमालाची बाई बाकावर बसून बूट घासत होती. शेजारीण रोमानियन भाषेत बोलायला लागली. बाई माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, ही तीच. हात हलवून पळून गेली ती. आम्हाला वाटलं कुणी नातेवाईक शोधायला आलीय."

मी माझा निबंध काढला. हे सोपं नव्हतं, पण ओट्यावर वाचायची पद्धत म्हणजे पद्धत. मी इंग्रजीत वाचत गेले, शेजारीण रोमानियनमध्ये सांगत गेली. 'अक्षर येत नाही' आलं तेव्हा शेजारणीनं मान खाली घालून ते सांगितलं. बाईनं बूट खाली ठेवला.

"मी बालवाडीत मदतनीस आहे," ती म्हणाली. "अठरा पोरांना अक्षरं मीच शिकवते. दर वसंतात सुट्टी काढून इथं येते."

मी म्हटलं, "माझी आईपण. अंगणवाडी. म्हणजे बालवाडीच."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग तुला जास्त कळायला हवं होतं."

 मी पेन्सिल काढली. "आता विचारते. पोरं कुठं असतात?"

तिला एक मुलगी होती, नऊ वर्षांची, गावी आजीकडं. त्या शेतावरच्या सगळ्या बायकांची पोरं अशीच, कुणाच्या तरी घरी. तिनं आम्हाला खोल्यांमागं नेलं. शीतगृहाच्या भिंतीला लागून एक कोपरा होता, तिथली जमीन तुडवून टणक झालेली. मालकाच्या घरातलं वायफाय फक्त तिथं पोचायचं. संध्याकाळी तिथं रांग लागते. पोरांशी बोलायची रांग. पाऊस असला तर छत्री घेऊन. एकाचं बोलणं लांबलं की मागचे खाकरतात.

"आणि त्या कोपऱ्यातून तुम्ही..."

"गृहपाठ घेते. ती वही दाखवते, मी चुका सांगते. मागं लोक खाकरतात." ती हसली. "तुला लिहायचंच आहे ना? मग हे लिही. वायफाय. खोल्यांपर्यंत आणा म्हणावं. आणि इथं आम्हा अठराजणांत चूल दोनच तोंडांची आहे, तेही. गुलाम वगैरे नको लिहू. माझी मुलगी वाचेल कधीतरी."

मी सगळं लिहून घेतलं. प्रत्येक ओळीपुढं 'ऐ', आणि कोपऱ्यापुढं 'पा'.

*

नवा निबंध लिहायला तीन आठवडे लागले. पहिला एका बैठकीत झाला होता. राग कमी झाला म्हणून वेळ लागला असं कुणी समजू नये. रागाला आता पत्ता मिळाला होता. बांधावरची पोरं लोकांना दाखवणं सोपं असतं. दीड हजार किलोमीटरवर ठेवलेली पोरं, जी ना या देशाच्या पटावर, ना या शेताच्या, ती दाखवायची तर एक तुडवलेला कोपरा नेमका सांगावा लागतो. उद्गारचिन्ह एकही पडलं नाही. सर मोजतील म्हणून ठेवली नाहीत असं नाही, लागलीच नाहीत.

लिहून झाला तेव्हा जूनचा शेवट आला होता. शतावरीचा हंगाम तिकडं ठरल्या दिवशी थांबतो, पुढच्या वर्षासाठी झाड वाढू देतात. मी शेतावर गेले तर काळं प्लास्टिक निघालेलं आणि वरंब्यांवर मोरपिसासारखा हिरवा पाला. खोल्यांना कुलपं. बाई गावी गेलेली.

ते दार तर सोडता येत नव्हतं. शेजारणीनं तिचा नंबर घेऊन ठेवला होता. आम्ही दोघींनी मिळून निबंध तिच्या भाषेत केला आणि शेजारणीनं तो मोठ्यानं वाचून आवाजाचे सात तुकडे पाठवले. दोन दिवस काही आलं नाही, आणि मुदत संपत आली म्हणून मी निबंध सरांकडं दिला. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज आला. मागं पोरांचा गलका होता, बालवाडी चालू असावी.

शेजारणीनं ऐकलं आणि मला सांगितलं, "म्हणते, तिसऱ्या तुकड्यात तू म्हटलंयस की मी दमलेली होते. ते काढ. मी असं बोलले नव्हते. तुला वाटलं."

*

शेवटच्या तासाला इतरांची सादरीकरणं होती. मी सरांकडं दहा मिनिटं मागितली.

"तुमचा निबंध माझ्याकडं आलाय," ते म्हणाले. "तो वर्गात पुन्हा वाचायची गरज नाही. गुणांशी त्याचा संबंध नाही."

"माझा आहे. पहिला या सगळ्या वर्गानं ऐकला होता. दुरुस्ती एकट्या तुम्हाला देऊन चालणार नाही."

"वेळ खरंच कमी आहे."

"मग तासानंतरच्या निरोपाच्या चहातली माझी दहा मिनिटं घ्या. मी चहा पीत नाही तुमचा, दूध नसतं त्यात."

ते हसले आणि घड्याळाकडं बघत बाजूला झाले.

मी उभी राहिले. आधी पहिल्या निबंधातली चुकीची वाक्यं एकेक वाचली, आणि प्रत्येकाखाली खरं काय ते. "शेतावर एकही मूल नव्हतं," असं म्हटल्यावर वर्गात चुळबुळ झाली. ज्या मुलानं मला बाकाच्या टाळ्या शिकवल्या होत्या त्यानं विचारलं, "मग तू ती लिहिलीस कुठून?"

"माझ्या जिल्ह्यातून आणली," मी म्हटलं. "तिथं ती खरी आहेत. आणि तुम्ही कुणी मला अडवलं नाहीत, कारण तुम्हीपण कधी जाऊन बघितलं नव्हतं. माझी चूक मी दुरुस्त करतेय. तुमची तुम्ही करा. शेत बारा किलोमीटरवर आहे, सायकलनं पाऊण तास."

मग मी कोपरा वाचला, रांग वाचली, छत्री, गृहपाठ, दोन तोंडांची चूल. तिसऱ्या पानावर 'दमलेली' हा शब्द छापलेला होता. मी तो सगळ्यांसमोर पेनानं खोडला आणि का खोडला ते सांगितलं. सर पुढं झुकून बघत होते. खाली माझं नाव आणि गाव होतं, तेही वाचलं. कुणी मुठी आपटल्या नाहीत. एका मुलीनं शेताचा पत्ता मागितला.

आठवड्यानं निकाल लागला. मी आईला फोन केला.

"दोन पूर्णांक तीन," मी सांगितलं.

"धापैकी?" आईचा आवाज बसला.

"नाही गं. इथं एक म्हणजे सगळ्यांत वरचा. चारपर्यंत पास. दोन पूर्णांक तीन म्हणजे चांगले."

"उलटीच हाईत तिकडली मानसं. सरळ पास म्हन की." मग तिनं पप्पांना ओरडून सांगितलं, पप्पांनी आणखी कुणाला तरी. गलका थांबल्यावर ती परत फोनवर आली. "सरांचं ऱ्हाऊ दे. ती निळ्या रुमालाची बाई काय म्हनली?"

"म्हणाली, दमलेली हे खोडा. बाकी बरोबर आहे."

"बाकी समदं?"

"समदं."

"मंग झालीस पास," आई म्हणाली. "आता ह्ये मराठीत करून धाड. येत्या रविवारी वट्ट्यावर वाचू. आपल्या बायकांना कळतंय का बगू."